मागच्या बोळातली भाजी

१

शाळा साडेपाचला सुटायची. घरी आले की मी पदर खोचून मागच्या बोळात जायची, कळशीतलं पाणी तांब्यानं एकेका डब्यात घालायची, आणि मग हात पुसून नलूच्या डोळ्यांत बघायची. एकोणीसशे चोपन्न सालच्या भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत हा माझा रोजचा क्रम होता.

नलू माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची. ती पोटात असतानाच तिचे वडील गेले. मी मास्तरकीची परीक्षा दिली आणि चौलच्या मुलींच्या शाळेत लागले. घरात आम्ही दोघीच. त्या पावसाळ्यात तिला गोवर आला. गोवर गेला, पण पोट काही सुधारलं नाही. दूध उलटायचं, अंडं उलटायचं, मासळीच्या नुसत्या वासानं कोरड्या ओकाऱ्या यायच्या. पोर काडीसारखी झाली.

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी ती चौकटीवर धाडकन आपटली. मी म्हटलं, "बघून चाल की गं."

ती कपाळ चोळत म्हणाली, "आई, तू दिवा का नाही लावलास?"

दिवा तिच्या समोरच्या कोनाड्यात जळत होता.

२

रेवदंड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि पापणी वर उचलून पाहिली.

"रातांधळेपण म्हणतात ते हेच," ते म्हणाले. "डोळे कोरडे पडायला लागलेत, बाई."

त्यांनी माशाच्या काळजाच्या तेलाची बाटली दिली. तीन दिवस मी नाक दाबून तिला ते पाजलं, तिन्ही दिवस ते अंथरुणावर आलं. पुन्हा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग हिरवा पाला. ताजा, रोज, वाटीभर. खाडा करू नका. ही नजर एकदा गेली की परत येत नाही."

रोज ताजा पाला आणायचा कुठून? आमच्या गावात जिकडे बघाल तिकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. पालेभाजी यायची ती आठवड्याच्या बाजाराला, तीही दुसऱ्या दिवशी मान टाकायची. म्हणून मी घरीच भाजी लावायचं ठरवलं.

माझी खोली भागुबाईच्या घराच्या पाठीमागे होती. भागुबाई कोळीण, सुकी मासळी विकायची. खोलीच्या मागे दोन हात रुंद आणि दहा हात लांब असा एक बोळ होता. तिन्ही बाजूंना पुरुषभर उंच दगडी भिंत, आणि तिथं जायला एकच दार, माझ्या चुलीशेजारचं. दुपारचे दोन तास ऊन.

"तितं काय उगवनार न्हाय, सगुणाबाय," भागुबाई म्हणाली. "सगली पुलन हाय. खारी रेती."

पण दुसऱ्या दिवशी तिनंच मला मासळीच्या दोन जुन्या पाट्या आणून दिल्या. मी रॉकेलचे डबे उभे कापून घेतले, बुडाला भोकं पाडली. एक फुटकी बादली होती, तडा गेलेली एक घागर होती. वाडीतली काळी माती आणि शेणखत डोक्यावरून आणलं. लाल माठ, चवळी आणि मेथी पेरली, आणि कोपऱ्यात मायाळूचं बी टोचून भिंतीवर सुतळ्या ताणल्या. हे सगळं नलू दारात बसून ऐकत होती. "उगवलं का?" असं ती दर तासाला विचारी.

तिसऱ्या दिवशी उगवलं.

३

पहिल्यांदा लक्षात आलं ते पाणी. मी संध्याकाळी घालत असे, आणि रात्रभरात ते मुरून सकाळी माती वरून फिकी पडायला हवी. पण सकाळी दार उघडलं की डबे नुकते शिंपल्यासारखे काळेभोर. पाऊस उघडला होता. मी म्हटलं, दव असेल. मग पाहिलं तर वळचणीखालचे डबेसुद्धा ओले होते, जिथं दव पडूच शकत नव्हतं.

आठवडाभरानं माठाची विरळणी झालेली दिसली. दाट उगवलेली रोपं मला त्या दिवशी शाळेतून आल्यावर उपटायची होती. ती आधीच उपटलेली होती. दुबळी तेवढीच काढलेली, आणि भिंतीकडेला ओळीनं मांडून ठेवलेली, सगळ्यांची मुळं एका बाजूला.

"नलू, तू हात लावलास?"

"मला दिसतं का आई?"

तिला दिवसा दिसत होतं, पण अंधुक. एवढं बारीक काम तिला जमलं नसतं. मग मी ठरवलं की ते मीच केलं असणार. चार वर्गांना शिकवून आलेली, पोरीच्या काळजीनं झोप उडालेली बाई. हातानं काम होतं आणि डोक्यात राहत नाही. शाळेत मी एकदा एकाच मुलीची हजेरी दोनदा लावली होती. तेव्हा हे काही अगदीच अशक्य नव्हतं.

तरी त्या रात्री झोपायच्या आधी मी बोळाच्या दाराला कुलूप घातलं, चावी कनवटीला लावली, आणि दाराबाहेर तांदळाचं पीठ भुरभुरून ठेवलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. पिठावर पाऊल नव्हतं. पीठच नव्हतं. कुणीतरी ते झाडून, गोळा करून, दगडावर लहानशी रास करून ठेवलं होतं. सांडलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून घरची बाई ठेवते तसं.

४

पण भाजी आली हो! माठ वीतभर झाला. मी कोवळी पानं खुडली, लसणीची फोडणी दिली, मऊ भातात कालवून नलूला भरवली आणि ताट बाजूला न ठेवता उलटीची वाट बघत बसले. उलटी झाली नाही. तिनं आणखी मागितलं.

दहा दिवसांत तिच्या डोळ्यांतला कोरडेपणा उतरू लागला. पंधराव्या दिवशी, तिन्हीसांजेला, ती भिंतीला हात न लावता चुलीपासून अंथरुणापर्यंत चालत गेली. मी देवापुढे डोकं टेकलं ते किती वेळ उचललंच नाही. पाणी कोण घालतं, रोपं कोण उपटतं, मला काही घेणं नव्हतं. घालू दे.

त्याच आठवड्यात ती बोळाच्या उंबऱ्यावर बसली होती. सूर्य वाड्यांमागे गेला होता. मी तांदूळ निवडत होते.

"आई, त्या मावशींचे पाय किती ओले असतात."

"कुठल्या मावशी?"

"पाणी घालतात त्या."

मी सूप खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून बोळात पाहिलं. डबे, पाट्या, भिंतीवर चढलेला मायाळू. बस.

"आत्ता आहेत?"

"हो. मायाळूपाशी."

"दिसायला कशा आहेत?"

नलूनं डोळे बारीक केले. फळ्यावरचं वाचताना करायची तसे. "पावलं दिसतात. वरचं अजून नाही दिसत."

५

आजारी पोरं काहीबाही बघतात. डॉक्टर म्हणाले होते, नजर येते ती हळूहळू येते. मी मनाशी म्हटलं, तिला आधी खालचं दिसू लागलंय, जमीन, डब्यांची बुडं, पाण्याचे ओघळ. त्याची पोरीनं पावलं केली. मी हे स्वतःला इतक्यांदा समजावलं की शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा ओठ हलायचे.

आता रोज सकाळी भाजी खुडून तयार असायची. उंबऱ्याच्या आत, देठ काढलेली, निथळत असलेली. आदल्या दिवशीपेक्षा मूठभर जास्त. मी ती शिजवत होते. नलू खात होती. तिच्या गालावर रंग आला होता.

आणि रोज संध्याकाळी मी विचारत होते. विचारायचं नाही असं ठरवून विचारत होते.

"आज?"

"गुडघे. लुगडं वर खोचलंय."

दोन दिवसांनी, "हात दिसले. बोटांना माती आहे. आपला तांब्या आहे हातात."

मी वळून पाहिलं. तांब्या घडवंचीवर होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"नलू, त्यांचं तोंड कसं आहे गं?"

"अजून नाही दिसत. त्या म्हणतात, भाजी खा, मग दिसेन."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "त्या बोलतात तुझ्याशी?"

"मोठ्यानं नाही," नलू म्हणाली, आणि तिनं आपल्या डाव्या कानावर हात ठेवला. "वाकून सांगतात. इथं."

६

दुसऱ्या दिवशी शाळेला न जाता मी बोळ मोकळा केला. माठ, चवळी, मेथी मुळासकट उपटली. मायाळू सुतळ्यांसकट ओढून काढला. माती समुद्रावर नेऊन टाकली, डबे भंगारवाल्याला दिले. भागुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बाय, यवरी चांगली भाजी! पोरीला गुन येत व्हता ना?"

मी तिला काय सांगणार? म्हटलं, "कीड लागली."

तिनं रिकाम्या बोळाकडे पाहिलं. मग आपल्याच घरच्या त्या भिंतीकडे पाठ न करता ती मागं मागं सरकत बाहेर गेली. 

पोरीला मी उपाशी ठेवलं असं कुणी समजू नये. बाजारातून भोपळा आणला. भागुबाईनं शेवग्याचा पाला आणून दिला. एका वाडीवाल्याच्या पाया पडून त्याच्याकडचं अळू आणलं. जे भरवलं ते ती तासाभरात ओकली. आलेली सगळी नजर आठ दिवसांत गेली, आणि त्याच्यापुढे दिवसाची जायला लागली. एका दुपारी भर उन्हात तिनं हात पुढे करून मला चाचपलं. तिच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका आला होता.

डॉक्टर संतापले. "काय केलंत हे? सुधारत होती ना? बुबुळ मऊ पडतंय. फुटलं की संपलं." त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. "आजच निघा."

आणि त्याच दुपारी दर्या उठला. कार्तिकातलं वादळ. मुंबईला जाणारी रेवसची लाँच बंद झाली, माड आडवे पडून अलिबागकडचा रस्ताही अडला. भागुबाईचा भाऊ होडीवाला. मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "पोर डोल्यानं जाल का जीवानं, तूच बोल."

७

वादळाच्या दुसऱ्या सकाळी मी उठले तेव्हा बोळाच्या दारापाशी, उंबऱ्याच्या आत, भाजीची रास होती.

लाल माठ. कोवळा, ताजा, देठ काढलेला. पाणी निथळून जमिनीवर ओघळ आला होता. मी दार उघडलं. बोळात काही नव्हतं. डबा नव्हता, पाटी नव्हती, मूठभर माती नव्हती. पावसानं धुतलेली पांढरी पुळण, आणि तिच्यावर काहीही उगवलेलं नव्हतं.

मी ती भाजी फेकायला उचलली. आत नलू तापात कण्हत होती, "आई, सकाळ झाली का?" सकाळ होऊन दोन तास झाले होते.

मी उंबऱ्यावर बसले. भाजी मांडीवर होती. ती गार नव्हती. किती वेळ बसले सांगता येणार नाही. शहाण्या बाईनं काय केलं असतं, असं मी तेव्हापासून पुष्कळांना मनातल्या मनात विचारलं आहे. देव कुठला, डॉक्टर कुठला, लाँच कुठली? पोरीचे डोळे माझ्या हातात होते, आणि औषध माझ्या मांडीवर होतं.

मी ती निवडली, तीन पाण्यांतून धुतली, शिजवली आणि माझ्या हातानं माझ्या पोटच्या पोरीला भरवली.

तिनं ओकलं नाही.

८

मग मी मोजून द्यायला लागले. बुबुळ वाचेल एवढी, पण तोंड दिसणार नाही एवढी. चार घास. संध्याकाळी विचारायचं, "कुठवर?"

"कंबर."

दुसऱ्या दिवशी तीन घास. "कुठवर?"

"खांदे. ती आता बोळात नसते, आई." तिनं त्यांना मावशी म्हणणं सोडलं होतं.

"मग कुठं असते?"

नलूनं चुलीकडे बोट केलं. मी चुलीपुढेच बसले होते.

तिसऱ्या दिवशी दोन घास. पांढरा ठिपका खसखशीएवढा झाला होता. चौथ्या दिवशी वारा पडला. निरोप आला की रस्ता मोकळा झालाय, लाँच उद्या सकाळी सुटणार. मी ट्रंक भरली, डॉक्टरांची चिठ्ठी चोळीत ठेवली. एक रात्र काढायची होती. त्या दिवशी मी तिला भाजीचं एक पानसुद्धा दिलं नाही. उरलेली सगळी पातेल्यात झाकून, वर वरवंटा ठेवून मी विहिरीवर एक कळशी आणायला गेले.

परत आले तेव्हा पातेलं रिकामं होतं. घासून, पुसून पालथं घातलेलं. नलू अंथरुणावर बसली होती. तिच्या ओठांच्या कडेला लाल रस होता.

"कुणी भरवलं?" मी तिला गदागदा हलवलं. "कुणी भरवलं, नलू?"

"तू," ती म्हणाली.

९

दिवेलागण झाली होती. मी दिवा लावून जमिनीवर ठेवला आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर, गुडघ्यांवर बसले. बोळाचं दार बंद होतं. पुढचं दार बंद होतं. मी ठरवलं होतं, कुठंही बघायचं नाही. फक्त तिच्याकडे.

नलूनं तोंड वर केलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नीट आठवून सांगते, बिलकूल भीती नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तू इतकी मागे का गेलीस?"

मी मागे गेले नव्हते. हात लांब केला असता तर तिच्या गालाला लागला असता.

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. गेले तीन महिने रोज बघत होते तसंच. ठिपका नव्हता. दोन्ही बुबुळं काळीभोर, ओली, लखलखीत. जन्मली तेव्हा होती तशी. त्यांच्यात दिव्याची ज्योत होती. आणि बाई होती, डोकं थोडं पुढे झुकवून गुडघ्यांवर बसलेली. ती मी.

मग दिसलं की त्या बाईच्या खांद्यामागे आणखी एक आहे. लहान, दूरची. तशीच बसलेली.

माझ्या पाठीमागे कुणीतरी आहे, हे मला कळलं. मान वळवायची नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि का कोण जाणे, खात्री करून घ्यायला म्हणून, मी माझा उजवा हात हळूच वर केला.

डोळ्यातल्या पुढच्या बाईनं हात उचलला नाही. तिचे दोन्ही हात नलूच्या खांद्यांवर होते.

हात उचलला तो मागच्या लहान बाईनं.

१०

नलूला मी कशी ओढली, कुठल्या दारानं बाहेर पडले, आठवत नाही. तिच्या डोळ्यांवर मी पदर फाडून पट्टी बांधली. भागुबाईनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि एक शब्द न विचारता आम्हाला आत घेतलं. पहाटे तीच आम्हाला रेवसपर्यंत घेऊन आली. लाँचमध्ये नलू पट्टी सोडायला मागत होती, रडत होती. मी तिचे हात धरून ठेवले.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मलाच रागावले. चिठ्ठी दोनदा वाचली, पुन्हा डोळे तपासले. "या मुलीला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "नजर उत्तम आहे."

मी चौलला परत गेले नाही. बदली मागून म्हसळ्याला आले. सामान भागुबाईनं गाडीनं पाठवलं. भाड्याच्या खोलीचं विचारलं तर तिनं निरोप दिला की ती आता मासळी ठेवायला वापरते, आणि मासळी छान सुकते. बाकी काही नाही.

नलू मोठी झाली. हुशार निघाली. संध्याकाळच्या उजेडात सुईत दोरा ओवते. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही, असं ती सांगते. मी खोदून विचारलेलं नाही.

परवा ती पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली. स्टँडवर वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिला खांद्यांना धरून उठवलं. गाडीनं हॉर्न दिला, पण ती हलेना.

"आई," ती म्हणाली, "एकदा माझ्याकडे बघ ना."

"बघतेय की."

"नाही. भांगाकडे बघतेस. कपाळाकडे बघतेस. अकरा वर्षं झाली आई, तू माझ्या डोळ्यांत बघितलेलं नाहीस. मी काय केलंय?"

तिचा आवाज चिरकत होता. ज्या डोळ्यांसाठी मी ते सगळं केलं, ते भरून आले असतील. माझ्यापासून हातभर अंतरावर होते. भर दुपारचं ऊन होतं, स्टँडवर माणसं होती, भिण्यासारखं काही नव्हतं.

मी तिच्या साडीची निरी सारखी केली आणि म्हटलं, "गाडी चुकेल, नलू."

ती गेली. खिडकीतून तिनं हात हलवला असेल. मी खाली बघत होते.